माकडांवरच सिद्ध झालेले किरणोत्सर्गावरचे औषध कितपत भरवशाचे?

साशंक
किरणोत्सर्गाची मोठी मात्रा शरीरात गेली की अस्थिमज्जा पांढऱ्या पेशी तयार करेनाशी होते आणि पुढे साधा संसर्गही जीव घेतो. यासाठी फिल्ग्रास्टिमला (पांढऱ्या पेशींची निर्मिती वाढवणारे औषध) अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये दिलेली मान्यता मुख्यतः ऱ्हीसस माकडांवरील प्रयोगावर उभी आहे: ६० दिवसांत औषध मिळालेल्या २४ पैकी ५ माकडे मेली, न मिळालेल्या २२ पैकी १३. मात्र त्या प्रयोगात औषध दुसऱ्याच दिवशी सुरू झाले होते. ब्राझीलमधील गोयानियात किरणोत्सर्गी सीझियम-१३७ चा स्रोत १३ सप्टेंबर १९८७ रोजी कर्करोगावरील उपचाराच्या टाकून दिलेल्या यंत्रातून काढला गेला आणि त्यामुळे लोकांना झालेल्या आजाराचे खरे कारण उमगले ते २९ तारखेला. तिथे 'दुसरा दिवस' कुठून आणायचा?

मज्जापेशी
मग चाचणीसाठी माणसांना किरणोत्सर्ग द्यायचा का? पुरेशा पूर्वतयारीविना काय होते, ते चेर्नोबिलने दाखवले आहे. तेथे १३ जणांवर मज्जारोपण झाले, पण त्यांतले बहुतेक दगावले. शिवाय फिल्ग्रास्टिम कर्करोगाच्या रुग्णांना १९९१ पासून दिले जात आहे. त्याचे दुष्परिणाम माणसांतच पाहिलेले आहेत, माकडांकडून घेतला तो फक्त या विशिष्ट उपयोगाचा पुरावा.

साशंक
सुरक्षिततेचा मुद्दा मान्य, तिथे माझी मांडणी तोकडी होती. वेळेचा मात्र सोडत नाही, कारण हेच औषध ४८ तासांनी सुरू केल्यावर माकडांचे जगण्याचे प्रमाण वाढले नाही, असे पुढच्या प्रयोगात दिसले.

रक्तगट
दोघेही औषधाविषयीच बोलत आहात, पण अडते ते निदानापाशी. उलटी किती वेळाने झाली आणि दर काही तासांनी मोजलेल्या लिम्फोसाइट पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) किती वेगाने घटल्या, यांवरून मात्रेचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी साधी रक्ततपासणी पुरते. मात्रा २ ग्रेच्या (ग्रे हे किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक) वर गेल्याचा संशय असेल तर औषध सुरू करायला रक्ताच्या अहवालासाठी खोळंबू नये, असे औषधाच्या माहितीपत्रकातही आहे. (ते पत्रक नीट वाचणारे किती, हा वेगळा प्रश्न.)

साशंक
हे अपघात झाल्याचे ठाऊक असेल तेव्हा ठीक. गोयानियात सुरुवातीला आलेल्यांच्या उलट्यांचे कारण भलतेच ठरवले गेले होते आणि तेव्हा लिम्फोसाइट मोजायला सांगणारे कोणी नव्हते.