मदत हवी आहे: डॉमिनोच्या खेळातले शब्द इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये (तातडीचं)

तिरकी_रेघ
डॉमिनोच्या मोबाईल गेमचं स्पॅनिश भाषांतर करतेय. उद्या दुपारी द्यायचंय. बाकी सगळं झालं, एवढेच शब्द अडलेत: ड्रॉ, ब्लॉक, बोनयार्ड, डबल, हँड, स्पिनर, गो आउट. शब्दकोश बघून झालाय, तो सांगू नका. खेळणारे लोक काय म्हणतात ते हवंय. प्रत्येकाला एकच शब्द द्या, पर्याय नकोत. प्लीज लवकर.

कोकमकढी
कुठल्या देशासाठी?

तिरकी_रेघ
स्पॅनिश म्हणजे स्पॅनिश. फाईलवर नुसतं 'ईएस' लिहिलंय.

कोकमकढी
अहो ताई, त्यावरच तर सगळं अडलंय. 'ईएस-४१९' असतं तर लॅटिन अमेरिका, 'ईएस-एमएक्स' असतं तर मेक्सिको. नुसतं 'ईएस' म्हणजे क्लायंटने विचारच केलेला नाही. त्यांना आत्ताच मेल टाका.

मायामीकर
मेल कशाला? अमेरिकेतल्या गेम कंपन्यांना स्पॅनिश हवं असतं ते आमच्या इकडच्या लोकांसाठी. मायामीच्या लिटल हवाना भागात काये ओचो रस्त्यावर मासिमो गोमेस पार्क आहे, तिथे दिवसभर डॉमिनोच चालू असतो. लिहून घ्या: पिसणे म्हणजे 'दार आग्वा', शब्दशः पाणी देणे. शेवटची सोंगटी लावून सुटलात की 'मे पेगे'. खेळ कोंडला, म्हणजे कुणालाच सोंगटी लावता येईना, की 'त्रांके'. आणि हवानाकडचे लोक डबल नाईनचा, म्हणजे नऊ-नऊ ठिपक्यांपर्यंतचा संच घेतात, ५५ सोंगट्या. चौघांना दहा-दहा वाटल्या की १५ बाजूला पडून राहतात, त्या कुणी उचलत नाही. त्यामुळे बोनयार्डला, म्हणजे उचलायच्या सोंगट्यांच्या ढिगाला, शब्द शोधूच नका, ती गोष्टच खेळात नाही.

ग्वादालाहारा_ते_नाशिक
हे फक्त क्यूबाचं झालं. क्यूबातही पूर्वेकडे सांतियागोला डबल सिक्सच खेळतात. मी मेक्सिकोत ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात होतो, जेवणाच्या सुट्टीत रोज डाव पडायचा. तिथे डबलला, म्हणजे दोन्ही अर्ध्यांवर सारखे ठिपके असलेल्या सोंगटीला, 'मुला' म्हणतात, खेचर. 'मुला दे सेइस' (डबल सिक्स) हातात अडकवून ठेवली की 'आओर्कार', म्हणजे फाशी दिली. पिसणे म्हणजे 'आसेर ला सोपा'. 'दार आग्वा' लिहिलंत तर मेक्सिकोतला माणूस पाणी कुणाला द्यायचं विचारेल. स्पॅनिश बोलणारे सर्वांत जास्त लोक मेक्सिकोत आहेत, तेव्हा त्यांचे शब्द घ्या.

मायामीकर
लोकसंख्येवर भाषा ठरत नसते. पोर्तो रिकोत डबल ब्लँकला 'चुचा' म्हणतात, ती लावून जिंकलं की 'चुचासो'. दोन्ही टोकांना चालली असती अशी सोंगटी लावून सुटलं तर 'कापिकू', त्याला जादा गुण. व्हेनेझुएलात डबल सिक्सला 'कोचिना' म्हणजे डुकरीण. एवढं सगळं सोडून द्यायचं?

ग्वादालाहारा_ते_नाशिक
सोडा कोण म्हणतंय? पण चुचासो मेक्सिकोच्या माणसाला कळणार का ते सांगा.

पाटी_पेन्सिल
मी बरीच वर्षं स्पॅनिश शिकवते. असे गल्लीतले शब्द भाषांतरात घालू नयेत. स्पेनमध्ये 'सेइस डोब्ले', 'ब्लांका डोब्ले' म्हणतात, आकडा आधी. खेळ बंद झाला की 'सिएर्रे'. प्रमाण भाषा घेतली की वादच मिटतो.

ग्वादालाहारा_ते_नाशिक
मॅडम, अमेरिका खंडात 'डोब्ले सेइस' म्हणतात, डबल आधी. तुमचं प्रमाण स्पेनपुरतं.

आकडेमोड
डबल सिक्सच्या संचात २८ सोंगट्या आणि सगळे ठिपके मिळून १६८. गुणांची बेरीज जमत नसेल तर यावरून ताळा करा.

तिरकी_रेघ
आकडेमोड, गुण गेमच मोजतो. मला शब्द हवेत!!

नवा_सदस्य_८८
मशीनला द्या ना, दोन मिनिटांत होईल.

तिरकी_रेघ
दिलं होतं. ड्रॉला 'डिबुहार' आलं. म्हणजे चित्र काढा. म्हणून तर इथे आले.

सातबारा
अवांतर: स्पॅनिश शिकायचं असेल तर पुण्यात कुठे? स्पॅनिशची डेले परीक्षा द्यायला दिल्लीच्या इन्स्तितुतो सेर्वान्तेसला जावं लागतं का?

पाटी_पेन्सिल
सातबारा, वेगळा धागा काढा, सविस्तर सांगते.

रात्रपाळी
मी गेम लोकलायझेशनमध्ये, म्हणजे गेम दुसऱ्या भाषांत आणण्याचं काम करतो. देशाचं भांडण नंतर. ताई, 'ड्रॉ' फाईलमध्ये कितीदा आलाय आणि कुठे? बटणावर, की निकालात? 'हँड'चंही तेच. समोर किती खेळाडू? अक्षरांची मर्यादा? ओळी जशाच्या तशा टाका.

तिरकी_रेघ
आत्ता नीट बघितलं. ड्रॉ तीनदा: खेळाच्या प्रकारांत ड्रॉ / ब्लॉक / ऑल फाइव्ह्ज, मग एक बटण, मग डाव संपल्यावर. हँड दोनदा: 'युअर हँड' आणि 'हँड ३'. दोन खेळाडू, डबल सिक्स, सात-सात वाटतात. बटणाला १४ अक्षरं.

रात्रपाळी
हे आधी हवं होतं. दोघांच्या खेळात १४ सोंगट्या उरतात आणि उचलाव्याही लागतात, म्हणजे मायामीकरांचं 'ती गोष्टच नाही' इथे लागू नाही. बटणावर 'रोबार', म्हणजे सोंगटी उचलणे. निकालात 'एम्पाते', ती बरोबरी आहे. बोनयार्ड 'पोसो'. ब्लॉक प्रकारात उचलायचंच नसतं, म्हणून प्रकारांची नावं 'कोन पोसो' (पोसोसह) आणि 'सिन पोसो' (पोसोविना) ठेवा, सगळीकडे कळतील. 'युअर हँड' म्हणजे 'तुस फिचास', तुमच्या सोंगट्या. 'हँड ३' मात्र 'मानो ३', तिथे तो डाव आहे. आणि 'फिचा' स्त्रीलिंगी, एकवचन-अनेकवचनाच्या ओळी वेगळ्या करा, नाहीतर '१ फिचास' छापलं जाईल.

ग्वादालाहारा_ते_नाशिक
मेक्सिकोत उचलण्याला 'कोमेर' म्हणतात, खाणे. पण 'रोबार' कळतं, हरकत नाही.

मायामीकर
'पोसो' ठीक. पण कोंडला तिथे 'त्रांके'च हवा.

तिरकी_रेघ
क्लायंटचं उत्तर आलं: मेक्सिको आणि अमेरिकेतले स्पॅनिश भाषक, एकच फाईल. म्हणून दोघांना चालेल तेच घेतेय. कोंडल्यावर 'हुएगो सेर्रादो', खेळ बंद. डबल 'डोब्ले' ठेवतेय. 'मुला' नियमांच्या पानावर एकदा येईल, सोबत 'त्रांके'ही घालते, तिथे जागा आहे. गो आउटला 'पेगे' नको, सरळ 'सिन फिचास'. राहिला स्पिनर.

रात्रपाळी
स्पिनर म्हणजे पहिला डबल, त्याच्या चारही बाजूंनी सोंगट्या लावायच्या, हा ऑल फाइव्ह्जचा प्रकार. वर सगळ्यांनी सांगितलेल्या खेळांत रांग दोनच टोकांनी वाढते, त्यामुळे तयार शब्द मिळणार नाही. 'डोब्ले सेंत्राल' घ्या, स्पॅनिशमध्ये १३ अक्षरं होतात, बसेल. पहिल्यांदा दिसेल तिथे चारही बाजूंना लावता येतं अशी एक ओळ क्लायंटकडून मागून घ्या.

तिरकी_रेघ
घेतलं. ओळीचं त्यांना विचारलंय. पाटी_पेन्सिल, तुम्ही स्पेनचं म्हणत होता, तर 'सेइस डोब्ले' मेक्सिकोत चूक वाटेल की नुसतं परकं?

पाटी_पेन्सिल
परकं. समजेल सगळ्यांना. या फाईलमध्ये 'डोब्ले सेइस'च ठेवा.