ग्रीक ‘ओइदा’ वर्तमानकाळ म्हणूनच शिकवावा

वसुधा:
‘ओइदा’ म्हणजे ‘मी जाणतो’. तरी प्राचीन ग्रीकच्या नवशिक्यांना तो पूर्णकाळ म्हणून शिकवतात आणि सोबत ‘मी पाहिलंय, म्हणून जाणतो’ अशी उपपत्ती जोडतात. मला हे पटत नाही. प्लेटोच्या ‘अपॉलॉजी’त सॉक्रेटिस म्हणतो, जे मी जाणत नाही ते जाणतो असं मला वाटतही नाही. तिथे पाहण्याचा मागमूस नाही. ‘पाहिलंय’ म्हणायला अथेन्समध्ये ‘हेओराका’ होतं, होमरकडे ‘ओपोपा’. पाणिनीही माझ्याच बाजूचा: ओइदाचा सख्खा भाऊ संस्कृत क्रियापद ‘वेद’ (‘जाणतो’), आणि ‘विदो लटो वा’ (३.४.८३) या सूत्राने वेद, विदतुः, विदुः ही रूपं लट्‌चीच, म्हणजे वर्तमानकाळाचीच, नेहमीच्या ‘वेत्ति’ला (‘जाणतो’) पर्यायी.

निखिल:
असहमत. अर्थ वर्तमानाचा, मान्य. पण रूपांचं काय? एकवचनात ओइदा, ओइस्था, ओइदे आणि अनेकवचनात एकदम इस्मेन (‘आम्ही जाणतो’)! ‘ओइ’चा ‘इ’ होण्याचा हा स्वरबदल जुन्या पूर्णकाळाचा. वेद–विद्म मध्येही तोच. वर्तमानकाळ म्हटलंत की सगळा तक्ता नुसती घोकंपट्टी होतो. शिवाय ओइदा एकटा नाही. हेस्तेका ‘उभा आहे’, तेथ्नेका ‘मेलेला आहे’, मेम्नेमाइ ‘आठवतं’. ग्रीक पूर्णकाळ मुळात अवस्था सांगतो. ‘बाळ झोपलंय’ मध्ये आपणही आत्ताची अवस्थाच सांगतो. मराठी मुलांना हे लगेच कळेल.

आणि पाहण्याचा धागा इतक्यात तोडू नका. इलियडच्या दुसऱ्या सर्गात, जहाजांच्या यादीआधी, कवी काव्यदेवतांना म्हणतो: तुम्ही हजर असता, सगळं जाणता, आम्ही फक्त कीर्ती ऐकतो, जाणत काहीच नाही. जाणणं इथे हजर असण्यातून आलंय.

वसुधा:
ओळ अप्रतिम आहे, पण ‘हजर असता’ हे कवीला वेगळ्या क्रियापदाने सांगावं लागलं! ओडिसीत सायक्लॉप्स या एकाक्ष राक्षसाला ‘अधर्म जाणणारा’ म्हटलंय, म्हणजे स्वभावाने तसा. त्याने काय पाहिलं होतं?

मिहिर:
वसुधाताई, सूत्र अर्धंच सांगितलंत. लट्‌च्या जागी येतात ते लिट्‌चे, म्हणजे संस्कृतच्या पूर्णकाळाचे, प्रत्यय. पाणिनीने अर्थ वर्तमानाचा ठेवला, पण रूप कुठलं हे दडवलं नाही. शिकवतानाही तसंच करावं.

वसुधा:
पण लेलुकासारख्या (‘मी सोडलंय’) रूपातलं द्वित्व, म्हणजे सुरुवातीच्या व्यंजनाची पुनरुक्ती, पाहून पूर्णकाळ ओळखायला शिकलेल्या मुलाने ओइदात तो ओळखायचा कशावरून? इथे द्वित्वच नाही.

निखिल:
वेदमध्येही नाही. संस्कृत येणाऱ्यांसमोर ओइस्था आणि वेत्थ (दोन्ही ‘तू जाणतोस’) शेजारी लिहा, पूर्णकाळाचा शेवटचा ‘थ’ त्यांना दिसेल. बाकीच्यांना मात्र इस्मेनपासून समजवावं लागेल, त्याला माझ्याकडेही जवळची वाट नाही.