विमानतळाच्या टॉवरने सांगितलेले आकडे माझ्या तोंडून उलटे निघतात. कुणाला असं झालंय का?

स्नेहलतागंजवाली (इंदूर):
नमस्कार. इंदूरला खासगी पायलटच्या लायसन्ससाठी शिकतेय, अजून सोलो (एकटीने उड्डाण) झालेला नाही. विमान आता हाताशी बसलंय, फोनेटिक अक्षरं झोपेतही येतात. अडतं ते आकड्यांपाशी. मंगळवारी सकाळी एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करतात तिथे, उभे होतो, टॉवरने क्यूएनएच (अल्टिमीटर या उंचीच्या मीटरवर लावायचा हवेच्या दाबाचा आकडा) दिलं, "वन झीरो वन टू". मी वाचून दाखवलं, "वन झीरो टू वन". टॉवरने लगेच "निगेटिव्ह" म्हणून पुन्हा सांगितलं. त्याच आठवड्यात स्क्वॉकचे (रडारवर विमान ओळखायला दिलेल्या चार आकडी कोडचे) शेवटचे दोन आकडेही असेच फिरले, टू सेव्हनचं सेव्हन टू. कान ठीक आहेत, तपासून घेतले. घरी आजोबांनी पाढे मराठीत घोटून घेतले होते. त्यामुळे "टू सेव्हन" ऐकलं की डोक्यात आधी सत्तावीस उमटतं आणि तिथून मी परत इंग्रजीत येते. वाट तिथेच चुकते का?

हरणी_बडोदा:
रेडिओवर घाई करू नका. आधी कुणी बोलतंय का ते ऐका, मग बटण दाबा, दाबल्यावर क्षणभर थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. आपला विमानाचा व्हीएचएफ रेडिओ एएमवर चालतो, दोघं एकदम बोलले की नुसती शिट्टी वाजते. 27 मार्च 1977 ला टेनेरीफला टॉवरचं "थांबा, मी बोलावतो" हे सांगणं अशाच शिट्टीत बुडालं, आणि धावपट्टीवर दोन विमानं धडकली. 583 माणसं गेली.

निवृत्त_कंट्रोलर (ग्वाल्हेर):
पोरी, वाट तिथेच चुकते, तू अगदी बरोबर पकडलंस. सत्तावीस म्हणताना आपण सात आधी बोलतो, वीस नंतर. बारामध्येही दोन आधी. टॉवर मात्र लिहिलेल्या क्रमानेच एकेक आकडा देतो. माझी नोकरी दुसऱ्या राज्यात झाली, पण मराठी आणि हिंदी घरातल्या शिकाऊ पोरांच्या तोंडून मी हीच अदलाबदल वर्षानुवर्षं ऐकली. इंग्रजी कच्चं म्हणून ती होत नाही, तेव्हा कुणी तसं म्हटलं तर मनाला लावून घेऊ नकोस.

उपाय एकच. आकड्याची संख्या होऊच द्यायची नाही. मांडीवरच्या पॅडवर डावीकडून उजवीकडे, आकडा कानावर पडला की तो लिही, पुढचा पडला की पुढचा. रीडबॅक देताना, म्हणजे ऐकलेलं टॉवरला परत सांगताना, आठवायचं नाही, कागदावरचं वाचायचं. शंका वाटली तर "से अगेन". कंट्रोलरला त्याचा राग येत नाही, चुकीचा आकडा बरोबर समजून गेलेल्या विमानाची त्याला भीती असते.

तुझ्या मंगळवारचा हिशेब बघ. 1012 ऐवजी 1021 लावलंस तर नऊ हेक्टोपास्कलचा फरक. एकाला साधारण 27 फूट धर, म्हणजे अडीचशे फुटांच्या आसपास. आणि चूक वाईट बाजूला: मीटर जास्त दाखवतो, तू असतेस खाली. म्हणून क्यूएनएच वाचून दाखवावंच लागतं. रनवे, स्क्वॉक, हेडिंग (दिशा), उंची, "होल्ड शॉर्ट" (रनवेच्या अलीकडे थांब) हेही तसंच. "होल्ड शॉर्ट"ला नुसतं "रॉजर" (ऐकलं) चालत नाही, कंट्रोलर परत विचारतोच.

स्क्वॉकची एक खूण सांगून ठेवतो. त्यात शून्य ते सात एवढेच आकडे असतात. पॅडवर आठ किंवा नऊ उमटला, तर ऐकण्यात चूक आहे.

हरणी_बडोदा:
काकांच्या बोलण्यात एक भर. क्यूएनएच लावलं की एप्रनवरच अल्टिमीटरकडे बघा. जमिनीवर असताना त्याने विमानतळाचीच उंची दाखवायला हवी. इंदूरला ती साडेअठराशे फुटांच्या आसपास आहे. 1021 लावलं असतं तर काटा एकविसशेच्या जवळ दिसला असता.

स्नेहलतागंजवाली (इंदूर):
काका, तुमचं लिहिणं तीनदा वाचलं. मंगळवारी इन्स्ट्रक्टरनी काही न बोलता अल्टिमीटरच्या काचेवर बोट ठेवलं होतं. ते का, हे आत्ता कळलं. तेव्हा मी फक्त खजील होऊन बसले होते.

कालपासून आई टॉवर झाली आहे. ती ओट्याशी भाजी चिरता चिरता मला हवे तसे चार आकडे इंग्रजीत देते, मी डायनिंग टेबलावर लिहून वाचून दाखवते. पहिल्या वीसांत पाच उलटले. मग लक्षात आलं, पेन्सिल दुसऱ्या आकड्याची वाट बघत थांबते, आणि थांबली की सत्तावीस तयार होतं. थांबायचं नाही ठरवल्यावर आज वीसांत एक चुकला. एक विचारायचं राहिलं: मी लिहीत असताना विमान सर्किटमध्ये, म्हणजे विमानतळाभोवतीच्या फेरीत, वळत असेल तर?

निवृत्त_कंट्रोलर (ग्वाल्हेर):
आधी विमान सांभाळ. हात रिकामा नसेल तर "स्टँडबाय" म्हण, विमान सरळ कर, मग "से अगेन". आणि आईला सांग, आकडे आता जरा भराभर दे.