भाड्याच्या विमानातून जवानांची ने-आण : दोष आढळल्यास दाद कोणाकडे मागायची?

चिखलीकर (वास्को) :
नमस्कार. माझा मुलगा सैन्यात आहे. गेल्या महिन्यात सुट्टीवर येताना त्याच्या तुकडीला एका खासगी कंपनीच्या, सैन्याने भाड्याने घेतलेल्या विमानाने आणले. त्याच्या आसनाच्या पट्ट्याचे बक्कल लागत नव्हते, लावले तरी जरा ओढताच सुटत होते. विमान भरलेले असल्यामुळे कर्मचाऱ्याने त्याला पट्ट्याची गाठ मारून बसायला सांगितले आणि विमान तसेच उडाले. घरी जेवताना त्याने ही गोष्ट सहज सांगितली, तेव्हा माझ्या हातातला घास हातातच राहिला. त्याने वरिष्ठांना विचारले तर विमान कंपनीचे आहे असे उत्तर मिळाले, आणि मी कंपनीच्या कार्यालयात फोन केला तर फेरी लष्कराची आहे असे सांगण्यात आले. दाबोळीला एकाच धावपट्टीवर नौदलाची आणि प्रवासी विमाने उतरताना आम्ही रोज पाहतो, पण अशा मधल्या विमानांवर देखरेख कोणाची, आणि काही विपरीत घडल्यास चौकशी कोण करते, हे मला कोणी समजावून सांगेल का?

पणजीचा वकील :
ताई, प्रश्नाचे मूळ १९४४ च्या शिकागो करारात, म्हणजे नागरी विमान वाहतुकीबाबतच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. त्याच्या कलम ३ नुसार तो करार केवळ नागरी विमानांना लागू होतो, आणि लष्कर, सीमाशुल्क व पोलीस यांच्या सेवेत वापरलेली विमाने सरकारी विमाने मानली जातात. म्हणजे तेथे कसोटी मालकीची नसून वापराची आहे, आणि म्हणूनच भाड्याच्या विमानाबाबत संदिग्धता निर्माण होते. आपल्या १९३४ च्या विमान कायद्यातून सैन्यदलांच्या मालकीची किंवा केवळ त्यांच्याच कामी लावलेली विमाने वगळलेली होती. त्या कायद्याची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे, तरी 'केवळ' या शब्दाने उभा केलेला प्रश्न विचारात घ्यावाच लागतो. आज जवानांना आणि उद्या पर्यटकांना घेऊन जाणारे विमान माझ्या मते 'केवळ' सैन्याच्या कामी लावलेले ठरत नाही. त्यामुळे त्याच्या उड्डाणयोग्यतेची जबाबदारी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडेच राहते आणि अपघाताचा तपास २०१२ मध्ये स्थापन झालेल्या एएआयबीकडे, म्हणजे विमान अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी संस्थेकडे जातो, असे मी मानतो.

दाबोळीचेच उदाहरण घ्या. २७ डिसेंबर २०१६ रोजी पहाटे एक प्रवासी विमान उड्डाणापूर्वी धावपट्टीवरून घसरले. तळ नौदलाचा, वाहतूक नियंत्रणही नौदलाचे, पण विमान नागरी असल्याने तपास नागरी यंत्रणेने केला. याउलट २४ मार्च २०१५ रोजी गोव्याजवळच्या समुद्रात नौदलाचे डॉर्नियर विमान कोसळले, तेव्हा चौकशी मंडळ नौदलाने नेमले.

निवृत्त तंत्रज्ञ, दाबोळी :
माझे अख्खे आयुष्य विमानांच्या देखभालीत गेले, म्हणून आधी पट्ट्याबद्दल लिहितो. ज्या आसनाचा पट्टा लागत नाही त्या आसनावर प्रवासी बसवायचाच नसतो. तो दोष नोंदवहीत लिहून आसन रिकामे ठेवावे लागते. गाठ मारलेला पट्टा हा पट्टाच नव्हे. हा प्रकार मुळीच किरकोळ नाही.

वकीलसाहेबांचे विवेचन मला पटते, परंतु अपघातानंतर तपास कोणी करायचा याआधीचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जवानाला आपण कोणत्या विमानात बसवतो हे बसवणाऱ्या खात्याने स्वतः पाहिले होते का? १२ डिसेंबर १९८५ रोजी कॅनडातील गँडर येथे भाड्याचे एक डीसी-८ विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. सिनाईतील शांतिसेनेचे काम आटोपून नाताळासाठी घरी निघालेले २४८ अमेरिकी सैनिक आणि ८ कर्मचारी त्यात गेले. नऊ जणांच्या तपास मंडळात कारणावरून फूट पडली, पाच जणांनी पंखांवरील बर्फाला दोष दिला आणि चौघांनी तो निष्कर्ष नाकारला. मात्र त्यानंतर अमेरिकेने कायदाच केला की सैनिकांना नेणाऱ्या खासगी कंपनीची तांत्रिक तपासणी संरक्षण खात्याने किमान दोन वर्षांतून एकदा केलीच पाहिजे. नागरी परवाना आहे म्हणून डोळे मिटून घेण्याची सोय त्यामुळे उरली नाही. तरीही २००४ मध्ये अफगाणिस्तानात एक कंत्राटी कासा-२१२ विमान डोंगरावर आदळून सहा जण मरण पावले, आणि वैमानिकाच्या चुकीबरोबरच नागरी व लष्करी या दोन्ही खात्यांची त्या देशात देखरेख नव्हती, असे तपास अहवालात लिहावे लागले.

आपल्या मुलाला मिळालेली उत्तरे वाचून मला स्पेनची आठवण झाली. २६ मे २००३ रोजी अफगाणिस्तानहून परतणारे ६२ स्पॅनिश सैनिक तुर्कस्तानात ट्रॅबझोनजवळ याक-४२ विमानाच्या अपघातात मरण पावले. विमान युक्रेनच्या कंपनीचे होते, कंत्राट नाटोच्या पुरवठा संस्थेमार्फत आणि पुढे अनेक मध्यस्थांच्या हातून गेलेले होते, आणि अशा भाड्याच्या विमानांबद्दल सैनिकांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. पुढे ३० मृतदेहांची ओळखही चुकीची ठरली, म्हणजे तितक्या घरांनी परक्याच्या देहावर अंत्यसंस्कार केले. संरक्षण खात्याची जबाबदारी स्पेनच्या राज्य परिषदेने, म्हणजे सरकारला सल्ला देणाऱ्या तिथल्या सर्वोच्च संस्थेने, मान्य केल्याचे जाहीर व्हायला आणि सरकारने माफी मागायला २०१७ साल उजाडले.

चिखलीकर (वास्को) :
आपणा दोघांची मी आभारी आहे. मुलाने पट्ट्याचा फोटो काढलेला आहे. तो सेवेत असल्यामुळे त्याचे नाव पुढे येऊ नये असे वाटते.

पणजीचा वकील :
त्याने आपल्या वरिष्ठांमार्फत लेखी कळवणेच योग्य. महासंचालनालयाला आपण पालक म्हणून स्वतंत्रपणे लिहू शकता. तारीख, मार्ग, आसन क्रमांक आणि विमानावरील 'व्हीटी'ने सुरू होणारी नोंदणीची अक्षरे द्या. ती पाठीमागे, शेपटीच्या जवळ लिहिलेली असतात.

निवृत्त तंत्रज्ञ, दाबोळी :
फोटो मोठा करून पाहा. पट्ट्यावर शिवलेली एक लहान चिठ्ठी असते, तिच्यावर भाग क्रमांक आणि बनावटीची तारीख छापलेली असते. ती वाचता येत असेल तर जशीच्या तशी तक्रारीत उतरवा आणि मूळ फोटो पुसू नका.