देवमाशाच्या डोक्यात होकायंत्र आहे, म्हणून विषय संपला?

शैवाल

परवा एकाने इथे लिहिलं होतं, "देवमाशांच्या मेंदूत मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाचे कण असतात, त्यावरून त्यांना पृथ्वीचं चुंबकत्व कळतं आणि ते हजारो किलोमीटर बिनचूक जातात. कोडं सुटलं." त्याखाली नुसती वाहवा. कोणालाच एकही प्रश्न पडला नाही याची चीड आली, म्हणून सविस्तर लिहिते.

कोडं सुटलेलं नाही. 1981 साली एका डॉल्फिनच्या डोक्यात चुंबकीय कण सापडले, तिथून ही गोष्ट सुरू झाली. कण सापडले म्हणजे ज्ञानेंद्रिय सापडलं असं होत नाही. त्या कणांची खबर मज्जातंतूंमार्फत मेंदूपर्यंत जाते हे देवमाशात आजवर कोणीही दाखवलेलं नाही. जीवशास्त्रज्ञ केनेथ लोमन यांनी समुद्री कासवांच्या पिल्लांना तारांच्या वेटोळ्यांमधल्या टाकीत सोडलं, चुंबकीय क्षेत्र बदललं आणि पिल्लांनी पोहण्याची दिशा बदलली. पुरावा म्हणतात तो याला. हम्पबॅक जातीच्या 30 टनांच्या देवमाशाला कोणत्या टाकीत घालणार?

माझ्या मते या प्रवासाचा कणा आठवण आहे आणि ती आईकडून येते. हम्पबॅकचं पिल्लू साधारण वर्षभर आईला सोडत नाही, म्हणजे एक पूर्ण फेरी तिच्या अंगालगत होते. सदर्न राइट व्हेल या जातीत चरायला कुठे जायचं हे आईच्या वंशावरून ठरतं, हे जनुकीय तपासणीत दिसलं आहे. 2019 मध्ये ब्रियाना अब्राहम्स आणि सहकाऱ्यांनी ईशान्य पॅसिफिकमधल्या ब्लू व्हेलचा 10 वर्षांचा विदा तपासला. यंदा खाद्य कुठे उगवलंय यामागे ते धावत नाहीत. बऱ्याच वर्षांच्या सरासरीने ते जिथे ज्या सुमारास असतं, त्या बेताने ते पुढे सरकतात.

आणि दक्षिण अटलांटिकमधलं दक्षिण जॉर्जिया बेट? तिथे 1904 मध्ये शिकार सुरू झाली, 40,000हून जास्त ब्लू व्हेल मारले गेले. शिकार थांबली तरी पुढे कित्येक दशकं ते तिथे जवळजवळ दिसलेच नाहीत. समुद्र तोच, चुंबकीय क्षेत्रही तेच. मला याचं एकच कारण पटतं: वाट माहीत असलेल्या माद्याच उरल्या नव्हत्या.

ध्रुवमत्स्य

ताई, तळमळ पोचली. पण 2020 चा जेसी ग्रेंजर यांचा अभ्यास बाजूला ठेवून "कोणीही दाखवलेलं नाही" म्हणणं म्हणजे सोयीचं तेवढं वेचणं आहे.

त्यांनी ग्रे व्हेल जिवंत किनाऱ्याला लागल्याच्या 186 घटना घेतल्या. आजार, जखमा, उपासमार अशी उघड कारणं असलेल्या आधीच वगळल्या. सूर्यावरच्या घडामोडींमुळे रेडिओ लहरींचा गोंगाट खूप वाढलेला असतो त्या दिवशी किनाऱ्याला लागण्याची शक्यता 4 पटींहून जास्त निघाली. शिवाय चुंबकीय क्षेत्र हलल्याने हा फरक नीट उलगडत नाही, रेडिओ गोंगाटाने उलगडतो. म्हणजे 'नकाशा' चुकत नसून तो वाचणारी यंत्रणाच तेवढ्यापुरती आंधळी होत असावी.

आता सांगा, आईने शिकवलेल्या वाटेचं सौरवादळाने काय बिघडतं?

शैवाल

अभ्यास वाचलाय आणि चांगला आहे. पण तो कोणावर झालाय? ग्रे व्हेलवर. हा प्राणी बहुतांश प्रवास किनारा धरून करतो. किनारा शेजारीच असेल तर थोडी चूकही महागात पडते, म्हणून तिथे हा परिणाम दिसला. भर समुद्रातल्या हम्पबॅकला यावरून काहीच लागू होत नाही. आणि सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे तुम्हीच गेल्या महिन्यात दुसऱ्या एका चर्चेत सगळ्यांना ऐकवत होतात.

ध्रुवमत्स्य

किनारा धरून? मग वारवाराचं काय करता? रशियाच्या सखालिन बेटाजवळ टॅग लावलेली ग्रे व्हेल मादी. बेरिंग समुद्र ओलांडून मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंत गेली आणि परत आली, 172 दिवसांत 22,511 किमी. त्यातला मोठा भाग खोल पाण्यावरून, किनारा नजरेच्या टप्प्यातही नसताना. तिथे आईची कोणती खूण होती?

नांगर

दोघेही पुस्तकं फेकून मारताय एकमेकांना. मी व्यापारी जहाजांवर डेक ऑफिसर होतो, आता निवृत्त. एक गोष्ट सांगतो, मग भांडा.

पहाटेच्या वॉचला सूर्य क्षितिजावर आला की आम्ही ब्रिजच्या विंगवर जाऊन त्याचा अ‍ॅझिमथ घ्यायचो, म्हणजे सूर्य रिपीटरवर (चुंबकाविना चालणाऱ्या जायरो कंपासच्या तबकडीवर) किती अंशांत दिसतोय ते वाचायचं, कोष्टकातल्या आकड्याशी ताडायचं आणि जायरोची चूक, चुंबकीय कंपासची चूक दोन्ही वहीत लिहायची. कंपास बरोबर आहे असं आम्ही कधी धरून चाललो नाही, त्याची आजची चूक किती तेवढं माहीत असायचं. आणि कंपास अचूक असला तरी जहाज सरळ जात नाही. प्रवाह बाजूला ढकलतो. सरळ जायचं तर नाक मुद्दाम तिरकं ठेवावं लागतं आणि किती तिरकं हे कळायला आपण कुठे आहोत ते कळावं लागतं.

2011 मध्ये ट्रॅव्हिस हॉर्टन यांनी दक्षिण अटलांटिक आणि दक्षिण पॅसिफिकमधल्या हम्पबॅकचे उपग्रहाने मिळालेले मार्ग छापले. 200 किमीहून लांब सरळ टप्पे, बऱ्याचदा 1 अंशापेक्षाही कमी फरकाने, तेही बदलत्या प्रवाहांतून आणि दिवसरात्र पोहत. हे मी वाचलं तेव्हा उठून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या. नुसत्या कंपासने हे होत नाही, नुसत्या सूर्याने होत नाही, आणि ताई, आईच्या आठवणीने तर अजिबात होत नाही. पाण्यावर वाटेच्या खुणा नसतात.

खोलपाणी

आवाजाबद्दल अजून एकही शब्द नाही, कमाल आहे. फिन व्हेलची हाक 20 हर्ट्झच्या आसपास असते. एवढ्या खोल स्वरातली हाक प्रचंड अंतर कापू शकते, हे रॉजर पेन आणि डग्लस वेब यांनी 1971 मध्येच मांडलं होतं. 2021 मध्ये तर भूकंपमापकांवर नोंदलेल्या फिन व्हेलच्या गाण्यातून समुद्रतळाखालच्या थरांचं चित्र काढता आलं, कारण ते गाणं तळात शिरून परावर्तित होतं. आपल्या यंत्राला त्यातून तळ कळतो. गाणाऱ्याला काहीच कळत नसेल हे मानायला मी तयार नाही.

आणि हे ऐकणंच जहाजांनी बंद पाडलंय. प्रॉपेलरची घरघर नेमकी त्याच खालच्या स्वरांत असते. नांगर यांनी खोलीत फेऱ्या मारल्या ते ठीक, पण आयुष्यभर त्यांच्याच जहाजांनी या प्राण्यांचे कान बधिर केले.

नांगर

तोंड सांभाळून. तुम्ही हे ज्यावर टाइप करताय ते यंत्र बहुधा जहाजातूनच आलंय. कॅनडाजवळच्या फंडीच्या उपसागरात राइट व्हेलसाठी 2003 मध्ये जहाजांचा मार्ग हलवला, तो पाळला आम्हीच. 2008 पासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ठरलेल्या भागांत, ठरलेल्या मोसमात 10 नॉटची वेगमर्यादा आली, तीही पाळली. वेग उतरवला म्हणून मालवाल्यांच्या माणसाने मला फोनवर कसं झापलं होतं ते ऐकलं असतंत तर हे वाक्य लिहिलं नसतंत. तो म्हणाला, मासा महत्त्वाचा की वेळापत्रक? मी मासा म्हटलं आणि पुढचं काँट्रॅक्ट गेलं.

खोलपाणी

तुमच्या काँट्रॅक्टचं मनापासून वाईट वाटतं. पण 2001 च्या सप्टेंबरात अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर त्याच फंडीच्या उपसागरात जहाजं अचानक कमी झाली, पाण्यातला गोंगाट 6 डेसिबलने उतरला आणि राइट व्हेलच्या विष्ठेतल्या ताणाच्या संप्रेरकांचं प्रमाण घटलं. हे तुम्हाला फोनवर कोणी सांगितलं नसेल.

2000 साली बहामामध्ये 17 देवमासे आणि डॉल्फिन किनाऱ्याला लागले, तेव्हा नौदलाच्या सोनारचा (पाण्यात आवाज सोडून शोध घेणाऱ्या यंत्रणेचा) हात असल्याचं खुद्द अमेरिकेनेच मान्य केलं.

नांगर

सोनार नौदलाचा, शिव्या आम्हाला! आणि फंडीची मोजणी थोड्याच दिवसांची आहे. ताण कमी झाला म्हणजे वाट सापडू लागली असं त्यात कुठे लिहिलंय? ध्रुवमत्स्य, तुम्ही तरी बोला.

ध्रुवमत्स्य

या मुद्द्यावर नांगर यांच्याशी सहमत. गोंगाट वाईट आहे, पण तो दिशा ओळखण्याचा पुरावा नव्हे. वेगळा धागा काढा.

मितभाषी

मी सहसा लिहीत नाही. माझ्या वडिलांची दृष्टी उतारवयात गेली. तरी ते रोज एकटे कोपऱ्यापर्यंत जात, काठीपेक्षा कानाच्या भरवशावर. भिंत संपली की आवाज मोकळा होतो, तिथे वळायचं. एकदा कोपऱ्यावर जनरेटर लावला होता. ते वळण सोडून सरळ पुढे गेले आणि भर रस्त्यात उभे राहिले. त्यांना वाट पाठ होती, पाय धड होते, फक्त ऐकू येणारी खूण बुजली होती. खोलपाणी यांचा मुद्दा वेगळ्या धाग्यात ढकलू नका. आठवण आहे म्हणून इतर काही लागत नाही, हे शैवाल यांचं म्हणणंही मला म्हणूनच पटत नाही.

शैवाल

इतर काही लागत नाही असं मी लिहिलेलं नाही. कणा म्हटलंय. कण्याभोवती बाकी शरीर असतंच.

मितभाषी, तुम्ही सांगितलेल्या प्रसंगात वाट पाठ नसती तर तुमचे वडील घराबाहेरच पडले नसते. मुक्काम कोणता, निघायचं कधी, हे आठवण सांगते आणि त्याला ब्लू व्हेलचा पुरावा आहे. मधलं अंतर सरळ कसं कापतात, तिथे नांगर यांचा मुद्दा मला खोडता येत नाही. खोडायची फार इच्छा होती.

ध्रुवमत्स्य

चला, निदान मधल्या 6000 किलोमीटरसाठी होकायंत्राला प्रवेश मिळाला. मग मीही एवढं मान्य करतो की दक्षिण जॉर्जियाचं उत्तर माझ्याकडे नाही. चुंबकाने ते सुटत नाही. पण 2022 मध्ये झांझिबारजवळ दिसलेला हम्पबॅक नर आधी कोलंबियात नोंदवलेला होता, दोन ठिकाणांत किमान 13,046 किमी. आईने दाखवलेली वाट एवढी मोडून तो गेला, तेव्हा कशावर विसंबून गेला? याचं उत्तर आठवणीत नाही.

खोलपाणी

आणि गोंगाट?

नांगर

गोंगाट कमी करता येतो. प्रॉपेलरची रचना सुधारा, जहाजाचा तळ साफ ठेवा, वेग उतरवा. हे आम्हाला तुमच्याआधीपासून माहीत आहे. उशिराचा दंड कोण भरणार तेवढं तुम्ही ठरवा, मग कान बधिर केले म्हणा.

शैवाल आणि ध्रुवमत्स्य, तुमचा वाद मिटायचा तर एकच रस्ता दिसतो. अंगाला चिकटवायचे टॅग असतात, त्यात प्राण्याचं तोंड कोणत्या दिशेला आहे आणि भोवती आवाज काय आहेत, दोन्ही नोंदलं जातं. ते टॅग भर समुद्रात आठवडेच्या आठवडे टिकवा. सौरवादळाच्या दिवशी नाक भरकटलं तर ध्रुवमत्स्य जिंकले. जहाज जवळून गेल्यावर भरकटलं तर खोलपाणी. आणि प्रवाह बदलल्यावर नाक आपणहून तिरकं झालं, तर त्याला आपण कुठे आहोत ते कळतं, आणि मग तुम्हा तिघांनाही पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागेल.

शैवाल

आणि टॅग लावताना आई आणि पिल्लू दोघांनाही लावा. पुढच्या वर्षी पिल्लू एकटं निघेल, तेव्हाचा मार्ग मला आईच्या मार्गावर ठेवून पाहायचा आहे.