‘सोलारिस’ची संथ गती आणि हारी
आंद्रेई तारकोव्हस्की यांच्या ‘सोलारिस’ (१९७२) या चित्रपटाची संथ गती अनावश्यक आहे, हा आक्षेप टोकियोच्या रस्त्यांवर चित्रित झालेल्या लांबलचक मोटारप्रवासापुरता मला मान्य आहे, अंतराळस्थानकावरील प्रसंगांबाबत मात्र मुळीच नाही. या स्थानकावर आलेला मानसशास्त्रज्ञ क्रिस केल्विन याच्यापुढे त्याची मृत पत्नी हारी येते, तेव्हा तिच्या पोशाखाचे पाठीवरील बंद सुटतच नाहीत आणि तो कात्रीने कापावा लागतो. सोलारिस ग्रहावरील विचारशील महासागराने तिला केल्विनच्या स्मृतीतून घडवले आहे, आणि त्या स्मृतीत पोशाखाचे रूप असले तरी त्याची रचना नसावी. केल्विनला जेवढी ठाऊक होती तेवढीच ही हारी आहे, आणि आपली ही उणीव तिला हळूहळू उमगत जाते. स्थानकाच्या ग्रंथालयात चित्रकार ब्रॉयगेलच्या हिमातील शिकाऱ्यांच्या चित्राकडे ती एकटक पाहते आणि कॅमेराही त्या चित्रात दीर्घकाळ रेंगाळतो, तेव्हा उसन्या आठवणींवर जगणारी ही स्त्री प्रथमच स्वतःचे असे काही अनुभवत आहे, असे मला प्रकर्षाने वाटते. स्तानिस्लाव लेम यांना आपल्या कादंबरीचे हे रूपांतर रुचले नाही, कारण त्यांचा भर अशा भावबंधांपेक्षा मानवी ज्ञानाच्या मर्यादांवर होता. पुढे हारी द्रवरूप ऑक्सिजन पिऊन पुन्हा मरू पाहते. तिचे वेदनामय पुनरुज्जीवन होईपर्यंत केल्विन जवळ थांबतो तो वेळ कापला असता, तर पृथ्वीवर ती मेली तेव्हा तो तिला सोडून गेलेला होता, हे प्रेक्षकाला इतक्या तीव्रतेने आठवले नसते.