घेवड्याच्या पानांवर ठिपके: कीड की ओझोन?

कोथरूडला टेरेसवर कुंडीत श्रावण घेवडा लावलाय. एप्रिलपासून जुन्या पानांवर, फक्त वरच्या बाजूने, बारीक तांबूस ठिपके. शिरा मात्र हिरव्यागार. नर्सरीवाल्याने औषध गळ्यात मारलं, फरक शून्य. हा हवेतल्या ओझोन वायूच्या प्रदूषणाचा परिणाम असेल का?

कुंडीवाली: आधी पान उलटं करून भिंगातून बघा. जाळी किंवा हलणारे ठिपके दिसले तर लाल कोळी, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड.

निवृत्त मास्तर: खालून स्वच्छ असेल तर संशय रास्त. घेवडा ओझोनला हळवाच. तंबाखूची बेल-डब्ल्यू३ जात तर हवेतला ओझोन ओळखायला मुद्दाम लावतात. गंमत म्हणजे, भर रस्त्यापेक्षा आतल्या गल्लीत ओझोन जास्त असू शकतो; गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड त्याला खातो. उन्हाळी दुपारी ओझोन चढतो.

मूळ प्रश्नकर्ता: लेकाच्या दप्तरातलं भिंग ढापलं. खालून एकदम कोरं!